उभ्या उसाचा उतारा

बारामतीत आणि इंदापुरात गेली काही वर्षं एक वाक्य फार सहजपणे बोललं जातं. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रकल्प-प्रदर्शनात ते ऐकू येतं, संस्थांच्या कार्यक्रमांत व्यासपीठावरून ऐकू येतं, आणि आता लग्नाच्या पंगतीतही कानावर पडू लागलं आहे. 'एमआरआय काढायचा, संगणकात टाकायचा, मेंदूतली गाठ कसली आणि कुठल्या ग्रेडची ते दोन सेकंदांत कळतं. अठ्ठ्याण्णव टक्के अचूक. मग पुण्याला कशाला पळायचं, आणि कवटीला भोक पाडून तुकडा तरी कशाला काढायचा?'

अशा प्रकल्पांच्या परीक्षेला मी अनेकदा बसलो आहे. मुलांची मेहनत खरी असते. त्यांच्यापुढे हे वाक्य ठेवणाऱ्या मोठ्या माणसांचा हेतूही वाईट नसतो. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापुराहून आणखी चाळीसेक. घरातल्या माणसाला अचानक फिट आली, बोलताना जीभ अडखळली, एक हात लुळा पडला, की गाडी करून सोलापूर रस्त्याने पुणं गाठेपर्यंत जिवाचं पाणी होतं. तो प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना 'इथंच दोन सेकंदांत कळतं' हे शब्द गोड लागणारच. म्हणूनच मला त्या शब्दांची चीड आहे. घाबरलेल्या माणसाला चुकीची वाट दाखवणं हा लहान अपराध नाही, मग ती दाखवणारा कितीही भल्या मनाचा असो.

आधी हे मत पूर्ण ताकदीनिशी मांडतो. यंत्राने हजारो चित्रं पाहिली आहेत. ते थकत नाही, त्याची ड्युटी संपत नाही. करड्या रंगाच्या ज्या छटा माणसाच्या डोळ्याला वेगळ्या दिसत नाहीत, त्या त्याला मोजता येतात. चाचणीत ते अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर ठरलं आहे. बारामतीच्या उसावर कृत्रिम बुद्धिमत्ता चालली, मग मेंदूवर का चालू नये? बायोप्सी महाग, धोक्याची, आणि तिच्या रिपोर्टला दिवस लागतात. खेड्यातल्या माणसाला यातलं काहीच वेळेवर मिळत नसताना निदान यंत्राचा अंदाज मिळाला, तर बिघडलं कुठं? शिवाय जगातली मोठी माणसंही हेच सांगतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं असं जाहीरपणे म्हटलं, आणि त्याच हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मत भक्कम दिसतं. आता त्याची एकेक वीट काढून पाहू.

सुरुवात 'ग्रेड' या शब्दापासून करायला हवी, कारण सगळा घोळ तिथंच आहे. गाठ केवढी आहे, कुठं बसली आहे, हे ग्रेड सांगत नाही. ग्रेड सांगते गाठीचा स्वभाव. ती किती वेगाने वाढेल, आजूबाजूच्या मेंदूत किती शिरेल, काढल्यावर परत येईल का. पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२६ मध्ये ग्लिओमा या मेंदूतल्या गाठींची पहिली मोठी वर्गवारी केली, ती सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये मेंदूच्या गाठींची पहिली जागतिक वर्गवारी काढली, तीही पेशींवरच उभी होती. केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत सापडतात, नव्या रक्तवाहिन्यांचे पुंजके झाले आहेत का, मधला भाग मेला आहे का, यावरून एक ते चार ग्रेड ठरायची. २०१६ मध्ये त्यात जनुकं आली. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांचं वजन आणखी वाढलं. आता प्रौढ माणसाच्या मेंदूत पसरणाऱ्या ॲस्ट्रोसायटिक गाठीत आयडीएच जनुक बदललेलं नसेल, आणि टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती किंवा सातव्या गुणसूत्राची भर व दहाव्याची घट यांपैकी काहीही एक सापडलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती सौम्य दिसली तरी ती ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४.

याच आवृत्तीत ग्रेडचे रोमन आकडे काढून साधे आकडे आणले. दोन उभ्या रेघांच्या जागी चुकून तीन वाचल्या गेल्या, तर रुग्णाचे उपचार बदलतात, हे त्यामागचं एक कारण. एका रेघेची चूक होऊ नये म्हणून ज्या शास्त्राने जगभरची लिहिण्याची रीत बदलली, त्या शास्त्राचं नाव घेऊन आपण काय सांगतो आहोत? पेशी न पाहता, जनुक न तपासता ग्रेड देतो म्हणून?

ग्रेड आणि जात चुकली तर काय होतं ते दोन आकड्यांत सांगतो. ग्लिओब्लास्टोमाला रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड देण्याचा जो प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या उपचारांचा पाया ठरला, त्यात ते औषध मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांच्या पुढे जगले. १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग गमावलेल्या ग्रेड ३ च्या ऑलिगोडेंड्रोग्लिओमावर रेडिएशन आणि केमोथेरपी दिलेल्या मोठ्या प्रयोगाचा दीर्घकाळचा निकाल २०१३ मध्ये आला. त्यात हाच आकडा १४.७ वर्षं होता. एकीकडे महिने, दुसरीकडे वर्षं. दोन्ही मेंदूत पसरत जाणाऱ्या ग्लिओमाच. एका घरात सातबारावर वारसाचं नाव लावायची घाई करावी लागते, दुसऱ्या घरात धाकट्याचं शिक्षण पुरं होताना बाप हजर असतो. या दोन घरांमधला फरक ठरवणारं वाक्य आपण दोन सेकंदांच्या अंदाजावर सोडणार आहोत का?

आता अठ्ठ्याण्णव टक्क्यांकडे येतो. मुलांना मी नेहमी एकच विचारतो: अठ्ठ्याण्णव टक्के कशाचे? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या चित्रसंचाचे. फार वापरल्या जाणाऱ्या अशा एका संचाची हकिगत ऐका. तो चीनमधल्या ग्वांगझो आणि तियानजिन इथल्या दोन रुग्णालयांत २००५ ते २०१० या काळात जमला. त्यात चित्रं ३०६४ आहेत, पण रुग्ण आहेत फक्त २३३. म्हणजे एकेका माणसाची सरासरी तेरा चित्रं, एकाच गाठीचे एकाखाली एक घेतलेले काप. ही सगळी चित्रं पत्त्यांसारखी पिसून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवली, की एकाच रुग्णाचे काप दोन्ही ढिगांत जातात.

इथल्या भाषेत सांगायचं तर एका बेटातले चार ऊस दाखवून वाण शिकवलं, आणि परीक्षेला त्याच बेटातला पाचवा ऊस पुढं धरला. तो ओळखला म्हणून शाबासकी कशाची? दुसऱ्या गावच्या, चोपणातल्या, विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचं काय? तो तर विचारलाच नाही. बेलग्रेडच्या दोन संशोधकांनी हाच चिनी संच दोन्ही रीतींनी तपासून २०२० मध्ये निकाल छापला. चित्रं पिसून घेतली तेव्हा अचूकता ९६.५६ टक्के आली. एका रुग्णाची सगळी चित्रं एकाच ढिगात ठेवली, तेव्हा ती ८८.४८ वर आली. संच तोच, यंत्र तेच. बदलला फक्त परीक्षेतला प्रामाणिकपणा. आणि हा निकालही त्याच दोन रुग्णालयांच्या चित्रांवरचा आहे. बारामतीच्या एमआरआय यंत्रावर, इथल्या तंत्रज्ञाने, इथल्या सवयीने काढलेल्या चित्रावर काय होईल, हे ना पहिला आकडा सांगतो ना दुसरा.

याच आकड्यात आणखी एक मोठी चूक दडलेली असते, आणि ती शाळेतल्या गणिताने उघडी पडते. समजा, डोकेदुखीसाठी एक हजार माणसांचा एमआरआय काढला आणि त्यांतल्या दहा जणांना खरोखर गाठ आहे. यंत्र दोन्ही बाजूंनी अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे असं धरू. दहांपैकी जवळजवळ दहाही सापडतील. पण उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी माणसांच्या दोन टक्क्यांनाही ते 'गाठ' म्हणेल, म्हणजे वीस जणांना. गाठ आहे असं सांगितलेल्या तीस जणांत वीस निरोगी असतील. संगणकावरच्या संचात मात्र बहुतेक चित्रं गाठीचीच असतात, म्हणून हे वीसजण तिथं कधी दिसत नाहीत. ते दिसतात घरी, रात्रभर जागे.

पुढचा मुद्दा याहून साधा आहे, आणि तो कुणी विचारत नाही याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. त्या संचातल्या चित्रांवर तीन नावं आहेत: मेनिंजिओमा, ग्लिओमा आणि पिट्युटरीची गाठ. काही संचांत चौथं नाव असतं, 'गाठ नाही'. यात ग्रेड कुठं आहे? पिट्युटरीची गाठ कवटीच्या तळाशी असते, मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणाला धरून वाढतो, म्हणजे जागेवरूनच निम्मं काम होतं. आणि ग्लिओमा या एका शब्दात ग्रेड १ ते ग्रेड ४ सगळं मावतं. नाव ओळखणाऱ्या यंत्राला 'ग्रेड सांगणारं यंत्र' म्हणणं हा भाषेतला निष्काळजीपणा आहे, आणि या विषयात भाषेतला निष्काळजीपणा जिवावर बेततो. ज्या संचांत 'उच्च ग्रेड' आणि 'कमी ग्रेड' अशी लेबलं खरोखर असतात, तिथं ती लावली कोणी? रुग्णाची शस्त्रक्रिया झाली, तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे गेला, त्याने स्लाइड पाहून ग्रेड लिहिली, आणि ती लिहिलेली ग्रेड यंत्राला शिकवली. ज्याच्या वहीतून यंत्र शिकलं, त्याचीच गरज संपली असं ते यंत्र दाखवून कसं सांगता येईल?

आणि आपल्या मातीचा एक प्रश्न या चार नावांत बसतच नाही. आपल्याकडे फिट येऊन दवाखान्यात आलेल्या माणसाच्या मेंदूत कडीसारखी उजळणारी गाठ दिसली, तर ती कर्करोगाची असेलच असं नाही. ती क्षयाची असू शकते. टेपवर्मच्या अळीने केलेली असू शकते. क्षयाची गाठ बहुतेकदा गोळ्यांनी विरघळते. त्या चिनी संचात क्षय नाही, अळी नाही. ज्या यंत्राला ग्लिओमा, मेनिंजिओमा, पिट्युटरी आणि 'गाठ नाही' एवढीच उत्तरं शिकवली, त्याच्यापुढं क्षयाची गाठ ठेवली तर ते काय करील? या चारांतलंच एक निवडील, आणि शेजारी टक्केवारी छापील. 'मला माहीत नाही' हे पाचवं उत्तर त्याला कुणी शिकवलेलंच नाही. गावातला अनुभवी डॉक्टर 'मला शंका आहे, पुढं दाखवा' असं म्हणतो, तेव्हा तो त्या यंत्रापेक्षा जास्त शहाणा असतो.

'पण डोळ्याला दिसत नाही ते यंत्राला दिसतं,' हा त्या मताचा सर्वांत प्रतिष्ठित मुद्दा. काही वेळा हे खरं आहे. एमआरआयच्या टी२ चित्रात गाठ सगळीकडे सारखी पांढरी दिसते आणि फ्लेअर चित्रात तिचा मधला भाग काळा पडतो. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या या खुणेवरून आयडीएच बदललेला ॲस्ट्रोसायटोमा पुष्कळ खात्रीने ओळखता येतो. पण ही खूण असली तरच बोलते. त्याच जातीच्या अनेक गाठींत ती नसतेच, आणि नसली तर तिच्यावरून काहीही ठरवता येत नाही. एमआरआयच्या वेळी टोचतात त्या कॉन्ट्रास्टचं तर विचारूच नका. सामान्य समजूत अशी की जी गाठ कॉन्ट्रास्टने उजळते ती वाईट. लहान मुलांत आढळणारा पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा लख्ख उजळतो, आणि तो ग्रेड १ असतो. मेनिंजिओमाही उजळतो, आणि बहुतेक मेनिंजिओमा ग्रेड १ असतात. उलट काही न उजळणाऱ्या गाठी तुकडा काढल्यावर उच्च ग्रेडच्या निघतात. चित्र खोटं बोलत नाही, हे मान्य. पण त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्यात असेलच असं कुणी ठरवलं?

याची जाहीर परीक्षा झालेली आहे. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतली रेडिओलॉजीची संस्था आणि मेंदूच्या गाठींच्या चित्रांची 'ब्रॅट्स' स्पर्धा यांनी मिळून जगापुढं एक प्रश्न ठेवला: एमजीएमटी या जनुकाच्या प्रमोटरवर मिथाइलचा थर आहे का, ते फक्त एमआरआयवरून सांगा. प्रश्न महत्त्वाचा, कारण टेमोझोलोमाइड किती लागू पडेल ते बरंचसं यावर अवलंबून असतं. मोठं बक्षीस होतं, जगभरचे हुशार लोक उतरले. नुसतं नाणं उडवलं तर ज्या मापावर ०.५ मिळतात, त्या मापावर पहिल्या आलेल्याला मिळाले सुमारे ०.६२. जगातल्या उत्तमातल्या उत्तम यंत्रांनी चित्र पिळून काढलं, आणि उत्तर नाण्यापेक्षा थोडंच बरं आलं. ते उत्तर ऊतीत होतं, चित्रात नव्हतं. तरीही कुणी म्हणेल की आणखी शक्तिशाली संगणक आणा. पाटाला पाणीच सोडलेलं नसेल, तर मोठी मोटर बसवून शेत भिजेल का?

आता उसाकडे वळतो, कारण बारामतीत हा युक्तिवाद उसापासूनच सुरू होतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याबरोबर उसात केलेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी २०२५ मध्ये जगापुढं मांडलं, आणि आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान वाटला. मलाही वाटला. पण त्या कामातून काय शिकायचं? तिथं फक्त आकाशातून फोटो काढला नाही. शेतात हवामान केंद्र बसवलं, जमिनीत सेन्सर पुरले, इथल्या मातीचा ओलावा इथंच मोजला. उपग्रहाच्या चित्राला जमिनीतल्या मोजमापाने खरंखोटं करून घेतलं. दुसऱ्या देशातल्या उसाचे फोटो उतरवून घेऊन बारामतीच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी सांगितली असती, तर त्याने ऐकलं असतं का? मग त्याच शेतकऱ्याच्या मेंदूसाठी आपण तेवढंही करायला का तयार नाही?

उसाने शिकवलेली आणखी एक गोष्ट इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. उभ्या उसाकडे बघून साखरेचा उतारा सांगता येत नाही. फड कितीही दाट दिसो, कांडी कितीही जाड असो, कारखान्याचा माणूस तोड द्यायच्या आधी रस काढून ब्रिक्स बघतो. खरा उतारा कारखान्यात, प्रयोगशाळेत ठरतो. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, सगळीकडे तीच रीत, कारण १०.२५ टक्क्यांच्या पायाभूत उताऱ्यावर उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, ठरते आणि दशांशाच्या फरकावर टनामागचे पैसे बदलतात. कुणी उद्या उठून म्हणाला की ड्रोनचा फोटो घेतो आणि त्यावरूनच उतारा लावून बिल काढतो, तर सभासद वार्षिक सभा चालू देतील का? उसाच्या भावासाठी रस काढल्याशिवाय आपण मानत नाही. माणसाच्या आयुष्याचा हिशोब मात्र फोटोवरून करायला निघालो आहोत.

राहिला गरिबाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. 'काही नाही त्यापेक्षा अंदाज बरा.' कुणासाठी बरा? पुण्या-मुंबईच्या सधन रुग्णाला स्लाइड, जनुकतपासणी आणि तीन तज्ज्ञांचं मत. इंदापूरच्या ऊसतोड मजुराला संगणकाचा अंदाज. याला मदत म्हणायची का? ही आपण नव्या यंत्राच्या साक्षीने घातलेली विषमता आहे. चुकीचा अंदाज 'काही नाही' याहून वाईट असतो. काहीच कळलेलं नसेल तर माणूस पुढं दाखवतो. 'ग्रेड २' असं छापलेलं हातात पडलं तर तो घरी थांबतो, आणि ती ग्रेड ४ असेल तर ते थांबणंच त्याला मारतं. 'ग्रेड ४' असं छापलेलं हातात पडलं तर काही घरं उपचारच सोडून देतात, आणि ती बरी होणारी गाठ असेल तर?

खर्चाचंही नीट पाहू. मेंदूतल्या बऱ्याच गाठींवर शस्त्रक्रिया मुळातच करावी लागते, आणि तुकडा तिच्यातूनच मिळतो. त्यासाठी वेगळी जखम लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि कर्करोगाचे उपचार येतात, आणि तिची मर्यादा आता कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत गेली आहे. तुकडा मेणात बसवून ब्लॉक केला की तो वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या मताची गरज पडली तर ब्लॉक प्रवास करतो, रुग्णाला करावा लागत नाही. आयडीएचमधला सर्वांत जास्त आढळणारा बदल ओळखायला जनुकांची महागडी वाचणीही लागत नाही. स्लाइडवर एका विशिष्ट प्रतिपिंडाचा रंग द्यायचा आणि पेशी तपकिरी झाल्या का ते पाहायचं. ही एक स्लाइड गाठीच्या जातीबद्दल जे सांगते, ते चित्रांवर चालणारे प्रकल्प तेवढ्या खात्रीने सांगू शकत नाहीत. गरिबाची खरोखर काळजी असेल, तर ही स्लाइड तालुक्यात व्हावी म्हणून आपण किती वेळा आवाज उठवला?

बायोप्सीत धोका आहे, हे मी नाकारत नाही. खोलवरच्या गाठीत सुई घालणं सोपं नाही. पण तो धोका घ्यायचा की नाही हे न्यूरोसर्जनने रुग्णाच्या घरच्यांना समोर बसवून ठरवायचं असतं. अंदाजालाच निदान म्हणून तो प्रश्न मिटवून टाकता येत नाही. आणि चुकलं तर जबाबदार कोण? निदानासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून आपल्या कायद्याने वैद्यकीय उपकरणांत धरलं आहे. रिपोर्टखाली डॉक्टर सही करतो आणि त्या सहीला जबाबदार राहतो. प्रदर्शनातल्या पडद्यावर उमटलेल्या 'ग्लिओमा ९८.७' खाली कोण सही करणार आहे?

हिंटन यांचं विधानही एकदा पुरं करून टाकू. त्यांनी बोललेली पाच वर्षांची मुदत केव्हाच सरली आणि रेडिओलॉजिस्ट आजही कमीच पडतात. त्यांना नोबेल मिळालं ते यंत्रशिक्षणाच्या पायाभूत शोधांसाठी, त्या भाकितासाठी नाही. शिवाय ते बोलत होते चित्र वाचणाऱ्यांबद्दल, आणि ग्रेड देणं हे मुळात स्लाइड वाचणाऱ्याचं काम.

मग यंत्रशिक्षण या क्षेत्रात निकामी आहे का? अजिबात नाही. उलट त्याने फार मोठी कामं केली आहेत, आणि ती कशी केली ते पाहिलं की माझा मुद्दा आणखी पक्का होतो. हायडलबर्गच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मेंदूच्या गाठी डीएनएवरच्या मिथाइलच्या नकाशावरून ओळखणारं यंत्र मांडलं. नव्याने आलेल्या रुग्णांत १२ टक्क्यांपर्यंत निदान त्यामुळे बदललं. मिशिगनच्या गटाने २०२३ मध्ये 'डीपग्लिओमा' मांडलं. शस्त्रक्रिया चालू असतानाच काढलेल्या ताज्या तुकड्याचं लेसरने चित्र घेऊन ते ९० सेकंदांच्या आत जनुकांचे मुख्य बदल सरासरी ९३.३ टक्के अचूकतेने सांगतं. नेदरलँड्समधल्या 'स्टर्जन'ने त्याच वर्षी शस्त्रक्रिया चालू असताना दीड तासाच्या आत डीएनए वाचून वर्गवारी करून दाखवली. या तिन्हींमध्ये समान काय आहे? तिन्हींच्या हातात गाठीचा तुकडा आहे. ज्यांनी यंत्राकडून खरोखर ग्रेडच्या तोडीचं काम करून घेतलं, त्यांनी तुकडा टाळला नाही. शेवटच्या दोघांनी तर तुकड्यापासून उत्तरापर्यंतचा वेळ दिवसांवरून मिनिटांवर आणला.

एमआरआयवरची उत्तम कामंही अशीच विनम्र आहेत, आणि त्यांतलं एक आपल्या मराठवाड्यातून आलं आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत संशोधन करताना उज्ज्वल बैद यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर ग्लिओमाच्या एमआरआयवर काम केलं. पुढं २०२१ च्या ब्रॅट्सचा जो मुख्य लेख प्रसिद्ध झाला, त्याचे ते पहिले लेखक होते. २०४० रुग्णांचा तो संच. त्यातली एक मोठी कामगिरी गाठीच्या कडा आखण्याची: कुठला भाग उजळतो, कुठला मेला आहे, सूज कुठवर पसरली आहे. या रेषा तज्ज्ञ रेडिओलॉजिस्टनी तपासून मान्य केल्या. २०२२ मध्ये याच वाटेवर सहा खंडांतल्या ७१ ठिकाणांनी ६३१४ रुग्णांचं काम एकत्र केलं, तेही कुठल्याही रुग्णालयाच्या भिंतीबाहेर चित्र न नेता. आणि शस्त्रक्रियेत काढायच्या भागाची आखणी आधीच्या यंत्रापेक्षा ३३ टक्के सुधारली. ती सुधारणा झाली कारण आणखी गावांची, आणखी यंत्रांची, आणखी माणसांची चित्रं त्यात आली. नांदेडहून हे होऊ शकतं, तर बारामतीहून आणि इंदापूरहून का नाही?

होऊ शकतं, आणि म्हणूनच माझी तक्रार मुलांबद्दल नाही, त्यांना छोटं स्वप्न मोठं म्हणून विकणाऱ्यांबद्दल आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं रेडिओलॉजी आहे, पॅथॉलॉजी आहे. त्याच गावात विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापूरजवळ वणगळीत दुसरं आहे. या इमारतींमधलं अंतर काही मिनिटांचं, फार तर तास-दीड तासाचं आहे. मुलांनी तिथं जाऊन बसावं. रुग्णांची संमती घेऊन, नावं काढून, इथल्या माणसांचे एमआरआय आणि त्यांच्याच स्लाइडचे अंतिम रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवायला शिकावं. त्यात क्षयाच्या गाठी असू द्याव्यात, अळीच्या असू द्याव्यात. गाठ दिसताच रेडिओलॉजिस्टला सावध करणारं, दोन एमआरआयमध्ये गाठ किती मिलिमीटर वाढली ते मोजणारं, आणि खात्री नसेल तेव्हा 'मला माहीत नाही' म्हणणारं यंत्र बनवावं. अचूकता सत्तर टक्के आली तर सत्तर लिहावी. तो सत्तरचा आकडा त्या अठ्ठ्याण्णवपेक्षा मोठा असेल, कारण तो इथल्या माणसांचा असेल.

ग्रेड गाठीच्या पेशींत आणि जनुकांत असते. चित्र तिच्याकडे जायचा रस्ता दाखवतं, आणि यंत्राने तो रस्ता छोटा करावा. त्या रस्त्याच्या शेवटी उभ्या असलेल्या सर्जनला, पॅथॉलॉजिस्टला आणि स्लाइडला चुकवून जाणारी कुठलीही वाट रुग्णाला फसवते, मग तिच्यावर कितीही टक्के लिहिलेले असोत. पुन्हा कुणी तुम्हाला 'दोन सेकंदांत ग्रेड' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: तुकडा कुठं आहे? आणि त्याच्याकडे उत्तर नसेल, तर उसाचा रस न काढता उतारा सांगणाऱ्याला जे उत्तर आपण दिलं असतं, तेच त्याला द्या.